तेविसावी स्लाइड

मंगळवारी ओहोटी पावणेचारला तळ गाठणार होती,
म्हणून सभा साडेबाराला ठेवली.
गालिसियाच्या त्या खाडीवरच्या संघाच्या हॉलमध्ये
बायका रबरी बुटांतच आल्या,
दाताळी बाहेर भिंतीला टेकवून,
देवळाबाहेर चपला काढाव्यात तशी.

मी बावीस स्लाइड दाखवल्या.
तिसऱ्या किती उरल्या, मोसमात किती किलो काढाव्यात,
कुठली पुळण दोन वर्षं बंद ठेवावी.
मध्ये मध्ये बटणं होती:
हो, नाही, सांगता येत नाही.
दाबलं की पडद्यावरचे रंगीत खांब वाढायला हवेत.
ऑफिसातल्या तालमीत वाढले होते.
इथे एकही हलला नाही.

तेविसाव्या स्लाइडवर पांढरी चौकट:
आपलं मत लिहा.
खाली हाताच्या पंजाएवढं निळं बटण: पाठवा.
लिहिलेलं थेट माझ्या मेलवर येणार.
मी टॅब पहिल्या रांगेत दिला
आणि सभ्यपणे खिडकीकडे तोंड करून उभी राहिले,
लाजऱ्या मतांना आडोसा म्हणून.

मागे कुजबुज. खुर्ची सरकली.
कुणीतरी फिसकन हसलं.
वळले, तर ओब्दुलिया सेर्विन्यो
टॅबवर ओणवी होऊन
नाकाच्या शेंड्याने बटण दाबत होती.

रात्री पोन्तेवेद्राला घरी पोचले, मेल उघडला.
एकोणतीस.
विषय सगळ्यांचा एकच, मीच भरून ठेवलेला:
श्रोत्यांचं मत.
आत काही नाही.
पहिला कोरा. दुसरा कोरा.
सातव्यात एक स्वल्पविराम.
अकराव्यात एकच अक्षर, ओळभर, न थांबता.
पुढे पुन्हा कोरे.

मूग गिळले सगळ्यांनी, मला वाटलं.
मग वाटलं, ठरवून केलेला बहिष्कार आहे,
आणि, खोटं कशाला बोलू, थोडा आदरही वाटला.
अहवालात लिहिलं:
प्रतिसाद एकोणतीस, मजकूर शून्य.
सॉफ्टवेअरने त्याचं वर्तुळ काढून दिलं,
अख्खं करडं, कुठेही फाक न पडलेलं.

गुरुवारी तिसावा आला.
पाठवणारा ब्राइस, ओब्दुलियाचा नातू,
वय त्यानेच लिहिलेलं, बारा.

आजी सांगते ते लिहितो.
तुमच्या काचेला आमची बोटं कळत नाहीत.
चाळीस वर्षं वाळू आणि मीठ,
शेंड्यांवर आता रेघा नाहीत.
बँकेतही असंच होतं.
मारूशाने कोपर लावून पाहिलं.
बटण मोठं होतं, ते लागलं. अक्षरं बारीक होती.
आजी विचारते, निबंध नाकाने लिहायचा होता का?

आता मत.
नवव्या स्लाइडवरची चार नंबरची पुळण,
तिला आम्ही म्हातारीची मांडी म्हणतो.
तिथे काही उरलं नाही, असं तुम्ही म्हणालात.
तुम्ही मार्चमध्ये मोजलंत.
मार्चमध्ये नदीचं गोडं पाणी उतरतं,
तिसऱ्या वीतभर खाली जाऊन बसतात.
दाताळ्याला लागतात, तुमच्या नळीला लागत नाहीत.
बंद करायची तर सहा नंबरची करा.
त्यात आमचंच नुकसान आहे. तरी करा.
पुढच्या वेळी कागद आणा,
नाहीतर नुसतं विचारा.
आम्ही तुमच्या पाठीमागेच बसलो होतो.

उत्तर लिहायला फोन उचलला.
अंगठा टेकला,
आणि तो लगेच उघडला,
ओळखीच्या माणसाला दार उघडावं तसा.
मी तो पालथा ठेवला. चहा केला. प्यायले नाही.

आभाराचे तीन परिच्छेद लिहिले, पुसले.
क्षमेचा एक लिहिला, तोही.
शेवटी एवढंच गेलं:
शनिवारी ओहोटी किती वाजता?

चार मिनिटांत उत्तर:
सकाळी पावणेसातला. अंधारातच निघा.
बूट आणा, आजीचे तुम्हाला मोठे होतील.